मोटरसायकलचा पेट्रोल कॉक : दोष कसा ओळखावा व कॉक कसा बदलावा

ग्रामीण भागात मोटरसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दूध संकलन केंद्रावर नेणे, बाजाराच्या गावाहून बी-बियाणे व औषधे आणणे, पंपाची मोटर बंद पडली म्हणजे वायरमनला घेऊन येणे, आजारी माणसास दवाखान्यात पोचविणे ही सर्व कामे तिच्यावरच होतात. असे असूनही या वाहनातील एका लहानशा भागाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तो भाग म्हणजे टाकीच्या बुडाशी बसविलेला पेट्रोल कॉक. तो गळू लागला तरी “थोडेसे गळतेच” असे म्हणून दिवस काढले जातात, आणि तो तुंबला तर दोष प्लगला, कार्ब्युरेटरला किंवा पेट्रोलपंपाला दिला जातो.

हे थोडेसे गळणे किती असते, ते प्रथम पाहू. दर सेकंदास एक थेंब या वेगाने गळती चालू राहिली तर चोवीस तासांत सुमारे दोन लिटर पेट्रोल जाते. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, कारण पेट्रोल जमिनीवर पडताच उडून जाते. मात्र उडालेली वाफ नाहीशी होत नाही. ती हवेहून बरीच जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि बंद जागेत साचून राहते. पुष्कळ घरी मोटरसायकल रात्री पडवीत किंवा गोठ्यालगत उभी केली जाते. शेजारीच कडब्याची गंजी असते, पलीकडे चूल असते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही ठिणगी लागल्यास पेट घेऊ शकते, मग आपल्याकडील उन्हाळ्याची गोष्ट बोलावयासच नको. म्हणून गळका कॉक हा केवळ खर्चाचा प्रश्न नसून गोठ्याच्या व घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

प्रारंभीच एक खुलासा करावयास हवा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन इंधन-इंजेक्शनची पद्धत आली. त्यांच्या टाकीत विजेवर चालणारा पंप असतो व नळीत दाब असतो. अशा गाडीची नळी घरी सोडू नये. खालील माहिती तिला लागू नाही. ही माहिती कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे, आणि अशा गाड्या खेड्यापाड्यांत अद्याप पुष्कळ आहेत. पेट्रोलवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप किंवा लहान इंजिन यांनाही याच जातीचा, पण साधा कॉक असतो.

कॉकची रचना

कॉक म्हणजे तीन स्थिती असलेली तोटी होय. तिचा दांडा ‘ऑन’, ‘ऑफ’ व ‘रिझर्व्ह’ या तीन ठिकाणी फिरतो. कॉकच्या वरच्या अंगास टाकीच्या आत शिरणारी एक उभी नळी असते. ‘ऑन’ असताना पेट्रोल या नळीच्या वरच्या तोंडातून येते. टाकीतील पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की प्रवाह बंद होतो आणि गाडी आचके देऊ लागते. मग दांडा ‘रिझर्व्ह’वर नेला असता टाकीच्या बुडाजवळील छिद्र खुले होते व उरलेले पेट्रोल मिळते. म्हणजे रिझर्व्हची वेगळी टाकी नसते. उभ्या नळीच्या उंचीने राखून ठेवलेले ते तळाचे पेट्रोल असते. ही गोष्ट समजली म्हणजे पुढील निम्मे दोष आपोआप कळतात.

या नळीभोवती बारीक जाळी असते. काही कॉकना खाली एक लहान वाटी असते. तीत पाणी व गाळ जमतो. दांड्यामागे चार भोकांचे रबरी पॅकिंग, एक लाटेसारखी वाकवलेली स्प्रिंग-चकती व पुढे दोन स्क्रूंनी बसविलेली पट्टी असते. दांडा फिरविला की त्याची चपटी बाजू पॅकिंगवर सरकते व एक ना एक भोक उघडते. पॅकिंग झिजले, फुगले किंवा त्यावर रेतीचा कण अडकला की ‘ऑफ’ हे केवळ नावालाच ‘ऑफ’ राहते. काही कॉकांत पट्टी रिबिटांनी कायमची बसविलेली असते. असा कॉक उघडून दुरुस्त होत नाही, तो पुरा बदलावा लागतो.

दुसरी एक जात आहे. बिनगिअरच्या पुष्कळशा स्कूटरना व काही मोटरसायकलींना आपोआप उघडणारा कॉक असतो. त्यास दोन नळ्या जोडलेल्या असतात. जाड नळीतून पेट्रोल जाते व बारीक नळीतून इंजिनाचा शोष येऊन आतील रबरी पडदा उचलला जातो. इंजिन बंद झाले की पडदा खाली बसतो व पेट्रोल थांबते. या कॉकच्या पडद्यास चीर पडली तर पेट्रोल बारीक नळीतून थेट इंजिनात ओढले जाते; गाडी काळा धूर सोडते व पेट्रोल फार खाते. बारीक नळी काढून तीत पेट्रोलचा ओलावा आढळला तर पडदा गेला असे निश्चित समजावे. ती नळी नेहमी कोरडी असली पाहिजे.

दोषाची परीक्षा

गाडी बंद पडली की लगेच कॉक खोलण्याची घाई करू नये. प्रथम टाकीचे टोपण उघडून आत पाहावे. टोपण उघडताच ‘सूं’ असा आवाज होऊन हवा आत शिरली व त्यानंतर गाडी नीट चालू लागली, तर दोष कॉकमध्ये नसून टोपणाच्या श्वासछिद्रात आहे. पेट्रोल खाली जाते त्या प्रमाणात वरून हवा आत आली पाहिजे. छिद्र धुळीने किंवा कुंभारमाशीच्या मातीने बुजले म्हणजे काही किलोमीटर चालून गाडी थांबते, थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालते, आणि मालकाचे पैसे प्लग व कॉइल बदलण्यात जातात. हा दोष फुकटात दुरुस्त होतो, म्हणून तो आधी पाहावा.

नंतर प्रवाहाची परीक्षा करावी. इंजिन थंड होऊ द्यावे. दांडा ‘ऑफ’ करून कार्ब्युरेटरकडील नळी काढावी व तिचे टोक धातूच्या भांड्यात धरावे. आता ‘ऑन’ करून एक मिनिट प्रवाह पाहावा. किती पेट्रोल आले म्हणजे पुरे, हे हिशेबाने ठरविता येते. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी गाडी ताशी पन्नास किलोमीटर वेगाने चालली तर तिला तासाला एक लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे सतरा मिलिलिटर पेट्रोल लागते. चढावर व ओझे घेऊन याच्या दुप्पट-तिप्पट लागेल असे धरले, तरी मिनिटाला शंभर मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप, आले की कॉक पुरेसा मोकळा आहे. धार अखंड असावी. थेंबाथेंबाने येत असेल किंवा जोराने सुरू होऊन मंदावत असेल, तर टोपण उघडून पुन्हा पाहावे. तरीही फरक पडला नाही तर जाळी तुंबली आहे.

टाकी भरलेली असून ‘ऑन’मध्ये धार नाही, परंतु ‘रिझर्व्ह’मध्ये आहे, असे आढळल्यास उभ्या नळीचे तोंड किंवा तिची जाळी बुजलेली असते, किंवा फुगलेल्या पॅकिंगने त्या बाजूचे भोक बंद केलेले असते. याच्या उलट, ‘ऑन’मध्ये गाडी उत्तम चालते व ‘रिझर्व्ह’वर घेताच आचके देते, असे झाल्यास टाकीच्या तळाशी पाणी किंवा गंज साचला आहे असे समजावे, कारण रिझर्व्ह तळाचेच पेट्रोल घेते. या वेळी कॉक बदलून काहीच लाभ होत नाही. टाकी धुतली पाहिजे. तिसरा प्रकार असा की, गाडी ‘ऑन’मध्येच टाकी पार कोरडी होईपर्यंत चालते व रिझर्व्हला काही उरतच नाही. तेथे उभी नळी मुळापासून सैल झालेली किंवा तडकलेली असते.

गळतीची जागा शोधण्यासाठी कॉक कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा व त्याखाली वर्तमानपत्राचा कागद धरावा. दांड्याभोवती ओल आल्यास दांड्याची ओ-रिंग गेली, टाकी व कॉक यांच्या सांध्यात आल्यास वरची ओ-रिंग किंवा वॉशर गेला, वाटीच्या कडेला आल्यास वाटीचे वॉशर गेले. कार्ब्युरेटरच्या खालच्या बारीक नळीतून पेट्रोल पडत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाही. हा दोष कॉकचा नसला तरी रात्री कॉक ‘ऑफ’ केल्यास ती गळती थांबावयास हवी. थांबत नसेल तर दोन्ही बिघडलेले आहेत.

हे दोन्ही दोष एकत्र आले म्हणजे एक मोठा धोका संभवतो. रात्रभर पेट्रोल कार्ब्युरेटर ओलांडून सिलिंडरमध्ये व तेथून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरते. सकाळी किक एकदम जड लागली, किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसून त्यास पेट्रोलचा वास आला, तर गाडी मुळीच सुरू करू नये. जोराने किक मारल्यास पिस्टनचा दांडा वाकू शकतो. पेट्रोलमिश्रित ऑइलने बेअरिंगांना वंगण मिळत नाही व काही मैलांतच इंजिनाचे काम निघते. चावी बंद ठेवून प्लग काढावा, प्लगची वायर दूर ठेवावी, किक हळूहळू फिरवून आतील पेट्रोल बाहेर येऊ द्यावे व ऑइल पूर्ण बदलूनच गाडी सुरू करावी. शंभर-दोनशे रुपयांच्या कॉकसाठी इंजिन खोलावे लागलेली उदाहरणे मी पाहिली आहेत.

इथेनॉल व पाणी

गेल्या काही वर्षांत पेट्रोलचे स्वरूप बदलले आहे, त्याची दखल घेणे आवश्यक आहे. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले व २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोचले. यातील बराचसा इथेनॉल आपल्याच उसाच्या मळीतून व रसातून निघतो, ही ऊस उत्पादकाच्या दृष्टीने चांगली गोष्ट होय. परंतु इथेनॉल पाणी शोषून घेतो. साध्या पेट्रोलमध्ये शिरलेले पाणी सरळ तळाशी बसत असे. आताच्या पेट्रोलमध्ये ते प्रथम विरघळते, आणि एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून एक वेगळा थर तळाशी उतरतो. हा थर रिझर्व्हच्या छिद्रावरच असतो. त्याने इंजिन चालत नाही व टाकी गंजते. पावसात उभी राहणारी, झाकणाचे रबर फाटलेली गाडी या दोषास हमखास बळी पडते. शिवाय जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. म्हणून दहा-पंधरा वर्षे जुने पॅकिंग पुन्हा बसविण्याचा मोह टाळावा.

पाण्याची परीक्षा सोपी आहे. ‘रिझर्व्ह’मधून थोडे पेट्रोल पांढऱ्या काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटे स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला की कारण सापडले.

कॉक खरेदी करताना

येथे मी स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा कॉक गळू लागल्याने तालुक्याच्या गावी एका दुकानातून दुसरा घेऊन बसविला. आटे बरोबर बसले, गळती थांबली, मीही निश्चिंत झालो. पुढे एका रात्री शेजाऱ्याची गाय अडली. वासराचे पाय मागे वळले होते. पशुवैद्यांना आणण्यासाठी मी निघालो. वाटेत गाडीने आचके दिले, मी नेहमीप्रमाणे दांडा रिझर्व्हवर केला. गाडी जेमतेम दोन शेते ओलांडून कायमची थांबली. चार किलोमीटर गाडी ढकलीत गेलो. डॉक्टर आले तेव्हा उजाडले होते. गाय वाचली, वासरू मात्र गेले. दुसऱ्या दिवशी जुना व नवा कॉक शेजारी ठेवून पाहिले, तो नव्याची उभी नळी जुन्यापेक्षा बोटभर आखूड! ‘ऑन’मध्येच जवळजवळ सगळे पेट्रोल संपत होते. दुकानदाराने फसविले असे मी म्हणणार नाही. त्याने आटे पाहिले, मीही आटेच पाहिले.

म्हणून जुना कॉक सोबत नेल्याशिवाय नवा घेऊ नये. दोन्ही एकमेकांस लावून उभ्या नळीची उंची, आट्यांचे माप किंवा स्क्रूंच्या भोकांतील अंतर, पेट्रोल बाहेर पडणाऱ्या तोंडाची जाडी व दिशा, आणि दांडा कोणत्या बाजूस येतो, हे सर्व जुळवून पाहावे. जाळी व वरची ओ-रिंग सोबत मिळते की नाही, ते विचारावे. नुसते पॅकिंग गेले असेल व धातूच्या बैठकीवर ओरखडे नसतील, तर पॅकिंग व ओ-रिंगचा संच आणूनही काम भागते. बैठकीवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर नवे पॅकिंगही टिकत नाही.

कॉक बदलण्याची रीत

काम उघड्यावर, दिवसा व थंड इंजिनावर करावे. जवळ चूल, बिडी, कंदील किंवा ग्राइंडरची ठिणगी नसावी. अंधारलेल्या जागी पाहण्यासाठी बॅटरीच वापरावी. शेजारी कोरड्या मातीची किंवा वाळूची एक बादली असू द्यावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते.

टाकीतील पेट्रोल कॉकच्याच नळीने, ‘रिझर्व्ह’ करून, धातूच्या झाकणबंद डब्यात उतरवून घ्यावे. कॉक तुंबलेला असल्याने पेट्रोल येत नसेल तर तोंडाने नळी ओढण्याची खेड्यांतील रीत सर्वस्वी सोडून द्यावी. पेट्रोलचा एक घोट श्वासनलिकेत गेला तरी फुफ्फुसास गंभीर इजा होते. असे कोणाचे झाल्यास त्यास ओकारी काढावयास लावू नये, तत्काळ दवाखान्यात न्यावे. हातपंपाची साधी रबरी पिचकारी बाजारात थोड्या पैशांत मिळते.

टाकी गाडीवर ठेवूनही कॉक निघतो, परंतु काढून घेणे अधिक सोईचे. बैठक काढावी, टाकीच्या मागचा बोल्ट सोडावा, काट्याची वायर असल्यास तिची जोडणी सोडावी व टाकी मागे ओढून उचलावी. दुमडलेल्या गोणपाटावर ती आडवी ठेवावी. कॉक एका मोठ्या नटाने किंवा दोन स्क्रूंनी बसविलेला असतो. योग्य मापाचाच पाना लावावा. पकडीने नट गोल होतो. सोडताना वॉशर कोणत्या क्रमाने निघाले ते लक्षात ठेवावे, किंवा त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवावे.

कॉक निघाल्यावर आतील भोकातून बॅटरीच्या उजेडात टाकीचा तळ पाहावा. तांबडा गंज दिसल्यास थोडे पेट्रोल घालून टाकी हलवून दोन-तीन वेळा धुवावी, स्वच्छ पेट्रोल बाहेर येईपर्यंत. गंज फार असेल तर टाकी कारागिराकडे द्यावी. गंजक्या टाकीस नवा कॉक बसविणे म्हणजे गाळाच्या विहिरीत नवा फूटव्हॉल्व्ह सोडण्यासारखे आहे. टाकीस डाग देण्याचा विचार असेल तर ते काम घरी करू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

सांध्याची बैठक फडक्याने कोरडी पुसावी, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावून ती खाचेत नीट बसवावी. पांढरे सिलिकॉन किंवा दुसरा चिकट मसाला सांध्यात भरण्याची सवय पुष्कळ कारागिरांना आहे. ती वाईट. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये मऊ पडून त्याचे तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातात. दोन स्क्रू असतील तर एक पुरा आवळून मग दुसरा असे न करता, आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. टाकीचा पत्रा पातळ असतो व आटे लवकर जातात. गळती ओ-रिंग थांबविते, मनगटाचा जोर नव्हे.

नळी कडक झाली असल्यास तीही याच वेळी बदलावी, पेट्रोलसाठी असलेली रबरी नळीच घ्यावी. सलाइनची पारदर्शक नळी लावलेल्या गाड्या सर्रास दिसतात. ती पेट्रोलने काही आठवड्यांत कडक होऊन सांध्यातून निसटते, आणि तेही तापलेल्या सिलिंडरच्या वर. नळीस मुरड पडू देऊ नये व दोन्ही टोकांना क्लिपा लावाव्यात. मध्ये जाळीचा फिल्टर बसविल्यास त्यावरील बाण कार्ब्युरेटरकडे असावा.

टाकी बसवून दांडा ‘ऑफ’ ठेवावा व प्रथम अर्धा लिटरच पेट्रोल घालावे. खाली कागद ठेवून पंधरा मिनिटे थांबावे. कागद कोरडा राहिला तर नळी भांड्यात धरून ‘रिझर्व्ह’ची धार पाहावी व ‘ऑफ’ केल्यावर ती पूर्ण तुटते की नाही ते पाहावे. मग टाकी भरून ‘ऑन’ची परीक्षा करावी. ‘ऑन’ची धार अर्ध्या लिटरवर न आल्यास घाबरू नये, तेवढे पेट्रोल उभ्या नळीच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. हे सर्व झाल्यावरच गाडी सुरू करावी. पहिले एक-दोन दिवस रोज सकाळी कॉकखाली बोट फिरवून पाहावे.

वाटेत अचानक सांधा गळू लागल्यास अंगाचा साबण ओला न करता गळतीच्या जागी दाबून चोळावा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नसल्याने घरी पोचेपर्यंत तो तग धरतो. हा उपाय फक्त घरी पोचण्यापुरताच आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एखाद्या गाडीचा जुना कॉक मिळवून तो सभेत उघडून दाखवावा. उभी नळी व तळाचे छिद्र प्रत्यक्ष पाहिल्यावर रिझर्व्ह म्हणजे काय हे सांगत बसावे लागत नाही. त्याच वेळी, दांडा नेहमी ‘रिझर्व्ह’वरच ठेवून गाडी चालविणाऱ्यांनाही त्यातील तोटा समजावून द्यावा. अशा माणसास पेट्रोल संपत आल्याची सूचना मिळत नाही, आणि तळाचा गाळ मात्र रोज मिळतो.

काम झाल्यावर उरलेले गंजमिश्रित पेट्रोल नाल्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या काठाशी ओतू नये. झाकणबंद डब्यात स्थिर ठेवून वरचे निवळ पेट्रोल दुहेरी फडक्याने गाळून घ्यावे, आणि खालचा गाळ गॅरेजमध्ये जळके ऑइल जमा होते तेथे द्यावा. पेट्रोलने भिजलेली फडकी घरात न ठेवता उघड्यावर, सावलीत वाळू द्यावीत.